पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट: मेलबर्नमध्ये चांगला प्रॅक्टिशनर कसा शोधायचा?

टार्नेटकर

नमस्कार मंडळी. प्रश्न भाच्यासाठी विचारतोय, पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्टबद्दल, म्हणजे त्रासदायक वागणुकीचं कारण शोधून मुलाला सुरक्षित पर्याय शिकवण्याबद्दल. वय १३, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता, बोलणं चार-पाच शब्दांपुरतं. कुटुंब मेलबर्नच्या पश्चिमेला राहतं. डोकं भिंतीवर आपटणं, स्वतःच्या हाताला चावणं आणि जवळच्या माणसाचे केस ओढणं गेल्या काही महिन्यांत वाढलंय. एनडीआयएसच्या (ऑस्ट्रेलियातली अपंगांसाठीची सरकारी योजना) नव्या प्लॅनमध्ये बिहेवियर सपोर्टचे पैसे मंजूर झालेत. प्लॅन-मॅनेज्ड आहे, म्हणजे बिलं प्लॅन मॅनेजर भागवतो. सपोर्ट वर्कर आठवड्याला १२ तास येतात. फ्रिजला कुलूप आहे आणि पुढच्या दाराला वरून कडी.

सपोर्ट कोऑर्डिनेटरने (प्लॅनमधल्या सेवा शोधायला मदत करणारी) आठ कंपन्यांची यादी पाठवली आणि "यातून निवडा" म्हणाली. निवडायचं कशावरून? पहिल्या फोनवर काय विचारायचं? किती तास कशावर खर्च होतात? आणखी एक, आजी-आजोबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत आणि त्यांना इंग्रजी जेमतेम समजतं. वागणुकीचा प्लॅन इंग्रजीत येणार, मग घरात तो पाळायचा कसा?

---

उजेड

टार्नेटकर, यादी थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी जीपीकडे (फॅमिली डॉक्टर) लांब अपॉइंटमेंट घ्या. वागणूक "गेल्या काही महिन्यांत वाढली" असं असेल तर पहिला संशय दुखण्यावर घ्यायचा. न बोलणाऱ्या मुलात डोकं आपटण्यामागे कधी कान, दात किंवा सायनसचं दुखणं निघतं. हाताला चावण्यामागे कधी बद्धकोष्ठ असतं, कधी जळजळ. शौचाची नोंद नसेल तर आजपासून ठेवा: दिवस, घट्ट की सैल, जोर करावा लागला का. झोपेचंही तेच. फिट्सचं औषध चालू असेल तर त्याचं नाव आणि डोस कधी बदलला ते लिहून न्या. लेव्हेटिरासिटॅम या फिट्सच्या औषधामुळे चिडचिड वाढू शकते हे डॉक्टरांना नवीन नाही, पण औषध बदलल्याची तारीख आणि वागणूक बदलल्याची तारीख शेजारी-शेजारी मांडून दाखवणारं कुणी लागतं. दाताच्या डॉक्टरांना आधीच कळवा की मूल तोंड उघडू देत नाही. सरकारी दंत रुग्णालयात भूल देऊन तपासणी होऊ शकते.

हे सगळं प्रॅक्टिशनर येण्याआधी करा, कारण प्रतीक्षायाद्या मोठ्या असतात आणि तो वेळ नाहीतर फुकट जातो.

आता यादी. प्लॅन-मॅनेज्ड असलात तरी बिहेवियर सपोर्ट नोंदणीकृत प्रोव्हायडरकडूनच घ्यावा लागतो. सेल्फ-मॅनेज्ड (पैसे स्वतः सांभाळणारे) असता तरी हाच नियम लागला असता. एनडीआयएस क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशन, म्हणजे या सेवांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या संकेतस्थळावर प्रोव्हायडर रजिस्टर आहे. तिथे प्रत्येक कंपनीचं नाव टाका आणि स्पेशालिस्ट बिहेवियर सपोर्टच्या गटात नोंदणी आहे का, ती चालू आहे का, काही अटी घातल्यात का ते पाहा. कंपनी नोंदणीकृत आहे पण दुसऱ्याच गटात, असंही आढळतं.

कंपनीची नोंदणी वेगळी आणि माणसाची पात्रता वेगळी, हे विसरू नका. तुमच्या घरी येणाऱ्या व्यक्तीला कमिशनने बिहेवियर सपोर्ट प्रॅक्टिशनर म्हणून स्वतंत्रपणे पात्र ठरवलेलं असावं लागतं. त्यांच्या क्षमतेच्या चार पातळ्या आहेत: कोअर, प्रोफिशियंट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्पेशालिस्ट. कोअर पातळीचा माणूस वाईट असतो असं मुळीच नाही. पुष्कळदा तोच जास्त वेळ देतो. पण त्याच्यावर वरच्या पातळीच्या माणसाची देखरेख हवी. स्वतःला इजा करणारं वर्तन असेल तर देखरेख करणारी व्यक्ती निदान एकदा तरी मुलाला प्रत्यक्ष पाहणार का, हे विचारा.

पहिल्या फोनवर मी हे प्रश्न विचारेन, आणि उत्तरं लिहून घेईन:

"घरी, शाळेत आणि सपोर्ट वर्करच्या शिफ्टमध्ये मिळून निरीक्षण किती वेळा कराल?" उत्तरात "व्हिडिओ कॉलवर होईल" आलं तर पुढे जाऊ नका. बैठका व्हिडिओवर चालतात, निरीक्षण नाही.

"प्लॅन लिहून झाल्यावर किती तास प्रशिक्षणाला ठेवता?" इथे बऱ्याच जणांची गाडी अडखळते.

"बोलत नसलेल्या मुलांसोबत काम केलंय का, आणि स्पीच पॅथॉलॉजिस्टबरोबर काम कसं वाटून घेता?"

"प्रॅक्टिशनर नोकरी सोडून गेला तर काय?" या क्षेत्रात माणसं फार बदलतात. नवा माणूस पुन्हा शून्यापासून मूल्यमापन करू लागला तर ते तास तुमच्याच खिशातून जातात. हँडओव्हरचे तास कंपनी सोसेल, हे सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

"तुमच्याच कंपनीचे सपोर्ट वर्कर किंवा सपोर्ट कोऑर्डिनेटर आहेत का?" एकच कंपनी तिन्ही कामं करत असेल तर वर्करची चूक प्लॅनमध्ये लिहायला हात आखडतो.

तासांबद्दल. या कामाचा दर तासाला दोनशे डॉलरच्या पुढे जाऊ शकतो. प्रवास, फोन, ईमेल, अहवाल लिहिणं, सगळं त्याच रकमेतून वळतं होतं. समजा तुमच्या पैशात ४० तास बसतात. माझ्या मते त्याची वाटणी साधारण अशी असावी: मुलाखती आणि निरीक्षण १०, लिखाण १० च्या आत, प्रशिक्षण आणि घरी सोबत बसून सराव १४, उरलेले आढावा आणि बैठकांना. कोटेशनमध्ये लिखाणालाच २० तास दिसले तर फोन करून विचारा. ६० पानांचा प्लॅन कुणी वाचत नाही. सपोर्ट वर्करला शिफ्टवर उपयोगी पडतं ते दोन पानांचं. आणि आठांपैकी निदान चार-पाच ठिकाणी एकाच वेळी नाव घाला, त्यात गैर काही नाही. ज्यांचा नंबर आधी लागेल पण उत्तरं पटणार नाहीत त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

---

रानफूल

उजेडताईंनी सांगितलं त्यात एक मोठी गोष्ट जोडते: फ्रिजचं कुलूप आणि दाराची कडी.

घरच्यांनी स्वतः लावलेल्या कुलपावर कमिशनचं नियंत्रण नाही. पण सपोर्ट वर्कर शिफ्टवर असताना ते कुलूप लागलेलं राहतं आणि किल्ली त्याच्याकडे असते, तेव्हा ती रिस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिस, म्हणजे मुलाच्या हक्कांवर किंवा हालचालीवर घातलेलं बंधन, होते. २०१८ च्या नियमांत असे पाच प्रकार आहेत: एकटं कोंडणं, वागणूक आवरण्यासाठी औषध, पट्टे किंवा साधनांनी बांधणं, हातांनी धरून ठेवणं, आणि पर्यावरणीय बंधन, म्हणजे एखाद्या वस्तूपर्यंत किंवा जागेपर्यंत जाऊ न देणं. फ्रिज आणि दार शेवटच्या प्रकारात येतात. दोन वर्षांच्या मुलासाठी दाराला कडी लावणं वयाला धरून आहे, १३ वर्षांच्या मुलासाठी तसं म्हणता येत नाही.

याचे परिणाम खूप व्यावहारिक आहेत. असं बंधन वापरणारा प्रोव्हायडर नोंदणीकृतच लागतो. प्लॅन-मॅनेज्ड कुटुंबांकडे येणारे वर्कर पुष्कळदा अनोंदणीकृत कंपनीचे किंवा स्वतंत्र असतात. तसं असेल तर एकतर त्यांच्या वेळेत कुलूप वापरायचं नाही, नाहीतर त्या तासांसाठी नोंदणीकृत प्रोव्हायडर घ्यायचा. हे प्रॅक्टिशनर आल्यावर कळतं आणि मग धावपळ होते. आजच वर्करच्या कंपनीला विचारून ठेवा.

बंधन वापरात असेल तर प्रॅक्टिशनरला मुदती आहेत. काम हाती घेतल्यापासून १ महिन्यात अंतरिम प्लॅन आणि ६ महिन्यांत संपूर्ण प्लॅन. त्यानंतर दर १२ महिन्यांनी, किंवा परिस्थिती बदलली तर त्याआधीही, आढावा. प्लॅन कमिशनकडे दाखल होतो आणि बंधन वापरणारा प्रोव्हायडर त्याच्या वापराची दर महिन्याला माहिती देतो. व्हिक्टोरियात याशिवाय राज्याची परवानगी लागते. ती प्रोव्हायडरच्या ऑथराइझ्ड प्रोग्रॅम ऑफिसरमार्फत (बंधनांना परवानगी देणारा अधिकारी) होते. कोंडणं, हातांनी धरणं किंवा पट्ट्यांनी बांधणं असेल तर व्हिक्टोरियन सीनियर प्रॅक्टिशनर या राज्याच्या अधिकाऱ्याची मंजुरीही लागते. मुलाला त्याच्यावर काय बंधन घालणार आहेत आणि त्याला दाद कुठे मागता येते हे समजावून सांगायला प्रोव्हायडरपासून स्वतंत्र अशी व्यक्ती उपलब्ध हवी. ते न बोलणाऱ्या मुलालाही समजेल अशा चित्रांनी सांगा, असा आग्रह धरा.

मंजुरीविना वापर झाला तर ती कळवायची घटना ठरते. प्रोव्हायडरने ती कमिशनला ५ कामाच्या दिवसांत कळवायची असते, इजा झाली असेल तर २४ तासांत.

आणि प्लॅनमध्ये प्रत्येक बंधनासमोर ते कमी कसं होणार हे लिहिलेलं हवं. "फ्रिजचं कुलूप चालू ठेवावं" एवढंच लिहिलं असेल तर तो प्लॅन परत पाठवा. "पहिले चार आठवडे खालच्या कप्प्यात त्याचा स्वतःचा डबा, तो कधीही उघडता येईल, त्यानंतर दुपारी ३ ते ५ कुलूप काढून" असं काहीतरी टप्प्याटप्प्याने पाहिजे.

---

टार्नेटकर

रानफूल, धन्यवाद, वर्करचा मुद्दा कुणीच सांगितला नव्हता. विचारून घेतो. भाच्याला रिस्पेरिडोन चालू आहे, रोज रात्री, आणि "फारच झालं तर" एक जादा गोळी. हे औषधाचं बंधन झालं का? शिवाय प्रॅक्टिशनर यायला दोन-तीन महिने लागणार असं दिसतंय, तोवर नोंदी कशा ठेवायच्या?

---

रानफूल

औषध कशासाठी दिलंय यावर ते ठरतं. निदान झालेल्या मानसिक आजारासाठी किंवा शारीरिक आजारासाठी दिलेलं औषध बंधनात धरत नाहीत. निव्वळ वागणूक बदलण्यासाठी दिलेलं धरतात. "ऑटिझम" एवढं निदान असून रिस्पेरिडोन चिडचिडीसाठी असेल तर बहुतेक वेळा ते बंधनच ठरतं. कमिशनचा मेडिकेशन पर्पज फॉर्म (औषध कशासाठी ते सांगणारा) आहे, तो औषध लिहिणाऱ्या डॉक्टरकडून भरून घ्या. त्यामुळे अंदाजाने वाद घालायची वेळ येत नाही.

जादा गोळी हा खरा धोक्याचा भाग आहे. "फारच झालं तर" म्हणजे नेमकं केव्हा, हे लिहिलेलं नसेल तर मंगळवारचा वर्कर पाचव्या मिनिटाला देईल आणि शनिवारचा देणारच नाही. प्रोटोकॉलमध्ये हे हवं: गोळी देण्याआधी कोणते दोन उपाय करून पाहायचे, किती मिनिटं थांबायचं, २४ तासांत जास्तीत जास्त किती गोळ्या, कुणाला फोन करून विचारायचं, आणि दिल्यावर काय पाहायचं. दिल्यानंतर डुलकी लागली, चालताना तोल गेला, जेवला नाही, सगळं टिपा. रिस्पेरिडोनने भूक वाढते आणि वजनही वाढतं. फ्रिजकडे धाव घेणं हे औषध सुरू झाल्यापासूनचं आहे का, तेही पाहा. तसं निघालं तर कुलुपावर चर्चा करण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांशी डोसवर चर्चा करावी लागेल. स्वतःहून गोळी बंद मात्र करू नका.

---

सह्याद्री_६७

नोंदींचं मी सांगतो. दोन आठवड्यांच्या स्वच्छ नोंदी तयार असतील तर प्रॅक्टिशनरचे तीन-चार तास वाचतात.

रकाने पाच: कधी आणि कुठे, लगेच आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, किती वेळ आणि किती जोरात, लगेच नंतर लोकांनी काय केलं. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि तोच सगळ्यात जास्त सांगून जातो.

"चिडला, त्रास दिला, मग शांत झाला" ही नोंद नाही. नोंद अशी दिसते:

मंगळवार, संध्याकाळी ६:४०, स्वयंपाकघर. कुकरची दुसरी शिट्टी झाली, टीव्ही चालू, बाबा फोनवर. दोन्ही हात कानांवर, मग उजव्या मनगटाला चावा, भिंतीवर कपाळ तीन वेळा. ४ मिनिटं, जोर ५ पैकी ३, कपाळ लाल, खरचटलं नाही. आईने गॅस बंद केला, हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलं, आयपॅड दिला.

आता ही नोंद वाचा. शेवटी तीन गोष्टी एकदम घडल्या: शिट्टी थांबली, आई जवळ आली, आयपॅड मिळाला. म्हणजे हे वागणं आवाजापासून सुटका मिळवण्यासाठी होतं, आईसाठी होतं, की आयपॅडसाठी? एका नोंदीवरून कुणालाच सांगता येणार नाही. पण वीस नोंदी झाल्या आणि त्यातल्या बारा संध्याकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यानच्या, कुकर किंवा मिक्सर चालू असतानाच्या, आणि आयपॅड हातात असतानाही झालेल्या निघाल्या, तर चित्र स्पष्ट होत जातं. त्या मुलाला आयपॅड नको होता, त्याला आवाज बंद हवा होता. इंग्रजी प्रश्नावलीत कुकरची शिट्टी नसते आणि देवघरातली घंटाही नसते. तुम्हीच सांगितलं नाही तर प्रॅक्टिशनरला ते सुचणार कुठून? निरीक्षणाला त्याला दुपारी दोन वाजता बोलावू नका, स्वयंपाकाच्या वेळी बोलवा.

आणखी तीन गोष्टी. न घडल्याच्याही नोंदी ठेवा: शिट्टी झाली पण तो बागेत होता आणि काही झालं नाही, हे तितकंच मोलाचं. सगळ्या वागणुकी एकत्र मोजू नका. डोकं आपटणं आणि केस ओढणं यांची कारणं वेगळी असू शकतात. आणि व्हिडिओ काढायचा तर फक्त प्रॅक्टिशनरला दाखवायला, कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. तो १३ वर्षांचा मुलगा आहे, त्याचीही अब्रू आहे.

इंटरनेटवर "दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल" असा सल्ला मिळेल. डोकं आपटण्याच्या बाबतीत तो स्वतःच्या मनाने अमलात आणू नका. आजवर जे मिळत होतं ते अचानक बंद झालं की वागणूक कमी व्हायच्या आधी वाढते. मूल आधी तीनदा आपटायचं, आता दहादा आणि जास्त जोरात. नवव्या वेळी घरच्यांचा धीर सुटला आणि मागणी पुरवली, की मूल शिकतं की नऊ वेळा आपटायला लागतं. म्हणून आधी बदली मार्ग शिकवायचा: तेच मिळवण्यासाठी सोपी, सुरक्षित खूण.

त्याचंही एक तंत्र आहे. "आवाज नको" किंवा "बाहेर जायचं" असं चित्रांचं कार्ड, तळहाताएवढं, लॅमिनेट केलेलं, त्याच्या हाताच्या उंचीवर वेल्क्रोने लावलेलं. तीन-चार प्रती, कारण एक चावून फाटणार, एक हरवणार. सराव शांत वेळी, दिवसाला पाच-सहा वेळा. पहिले दोन-तीन आठवडे त्याने कार्ड दिलं की लगेच, दोन-तीन सेकंदांत, मागितलेलं द्यायचं, मग पोळी तव्यावर का असेना. "थांब, झालंच" म्हणायचं ते नंतरच्या टप्प्यात. कार्ड चालत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा कार्डापेक्षा डोकं आपटणं जास्त लवकर काम करत असतं.

---

कोकणकडा

शाळेबद्दल थोडक्यात. एनडीआयएसमधून झालेला वागणुकीचा प्लॅन शाळेवर बंधनकारक नसतो. सरकारी शाळेला शिक्षण खात्याचे नियम आहेत. पण स्टुडंट सपोर्ट ग्रुपची (पालक आणि शाळा) बैठक दर टर्मला होते, तिथे प्रॅक्टिशनरला बोलवा आणि घर-शाळा दोन्हीकडे तेच कार्ड, तीच खूण असं ठरवून मिनिट्समध्ये लिहून घ्या. वर्गातल्या निरीक्षणासाठी प्रिन्सिपलची परवानगी आधी घ्यावी लागते, त्यात दोन-तीन आठवडे जातात. काम सुरू व्हायच्या आधीच ईमेल टाकून ठेवा.

---

आजोळ

आजी-आजोबांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहूनच गेलंय, आणि माझ्या मते या घरासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. सहा महिने घरात सर्वाधिक वेळ तेच असणार.

सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटवर सही करण्याआधीच प्रोव्हायडरला सांगा की घरात मराठी बोलली जाते आणि आजी-आजोबांच्या प्रशिक्षणाला दुभाषा लागेल. टीआयएस नॅशनल या सरकारी दुभाषा सेवेचा क्रमांक १३१ ४५०. दुभाषा कोण बुक करणार आणि खर्च कुठून जाणार हे त्याच वेळी लिहून घ्या. घरातल्याच कुणीतरी दुभाषाचं काम करणं सोपं वाटतं, पण आईला स्वतःच्या सासूला "तुम्ही असं करू नका" हे प्रॅक्टिशनरच्या वतीने सांगायला लावणं योग्य नाही. तेच तटस्थ माणसाच्या तोंडून आलं तर ऐकलं जातं आणि मनही दुखावत नाही. प्रशिक्षण ९० मिनिटांच्या एका बैठकीऐवजी ३० मिनिटांच्या तीन भेटींत मागा, आणि त्यातली एक जेवणाच्या वेळी.

प्लॅनचं पूर्ण भाषांतर मागू नका. एक पान मराठीत पुरेसं आहे, मोठ्या अक्षरांत, फ्रिजवर लावायला. त्यात तीन भाग: तो बिघडायला लागलाय हे कशावरून ओळखायचं, तेव्हा काय करायचं, काय करायचं नाही. वाक्यं घरच्या बोलीत. "सेन्सरी रेग्युलेशनला सहाय्य करावे" असं लिहून आजोबांना काय कळणार? "कानावर हात गेला की काही न बोलता हेडफोन द्या, दिवा मंद करा, जवळ उभं राहू नका" हे कळतं.

शब्द एकच ठेवा. वर्कर "फिनिश्ड" म्हणतो, आई "संपलं", आजी "झालं हं बाळा", आणि ज्याच्याकडे पाचच शब्द आहेत त्या पोराला तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. चित्र एक, त्याखाली मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द, आणि सगळ्यांनी आधी चित्र दाखवायचं. कोणता मराठी शब्द हे घरच्यांनी ठरवा आणि वर्करला तो उच्चारायला शिकवा. चांगले वर्कर आनंदाने शिकतात.

खाऊचं. नातू ओरडला की आजी लाडू हातावर ठेवणार, हे जगातली कुठलीही आजी करेल. "देऊ नका" असं प्लॅनमध्ये लिहिलं तर ती चोरून देईल. त्याऐवजी आजीच्या खाऊची वेळ ठरवा: रोज साडेचारला, त्याच्या हातात वाटी, आजीच्या शेजारी बसून, काहीही मागायच्या आधी. दिवसभरात त्याने खाऊचं कार्ड शांतपणे दिलं तरी आजीच देणार. फक्त आरडाओरडा सुरू झाल्यावर द्यायचं नाही, तो थांबून दोन मिनिटं गेली की कार्डाकडे बोट दाखवायचं. आजीचा आणि नातवाचा मान राहतो आणि खाऊचं नातं ओरडण्याशी न जुळता मागण्याशी जुळतं.

आणि केस ओढण्याबद्दल आजीला आधीच शिकवून ठेवा: अंबाडा किंवा वेणी बांधूनच त्याच्याजवळ बसायचं. केस धरलेच तर मागे खेचायचं नाही, त्याची मूठ आपल्या डोक्यावर दाबून धरायची आणि डोकं त्याच्या हाताच्या दिशेने न्यायचं. ओरडायचं नाही. हे प्रॅक्टिशनरने प्रत्यक्ष करून दाखवावं, कागदावरून शिकू नये.

---

उजेड

आजोळ, एक पान फ्रिजवर, अगदी बरोबर. त्या फ्रिजचं कुलूपही त्यामुळे लवकर निघेल अशी आशा करते.

टार्नेटकर, प्लॅनचा मसुदा हातात आल्यावर तो सही करण्याआधी वाचा. काही ठिकाणी दुसऱ्या मुलाचं नाव किंवा "ती" असा उल्लेख राहिलेला दिसतो, म्हणजे जुना प्लॅन चिकटवलाय. "शांत आवाजात बोलावे, लक्ष दुसरीकडे वळवावे" अशी वाक्यं कुणालाही लागू पडतात. भाच्याचा कुकर, शाळेची बस, साडेचारचा खाऊ त्यात सापडत नसेल तर निरीक्षण झालेलंच नाही. वागणुकीचं कारण एका वाक्यात सांगितलेलं हवं, शिकवायचं बदली कौशल्य नेमकं हवं, आणि आज किती वेळा होतं व किती महिन्यांत किती कमी व्हायला हवं हे आकड्यात हवं. मसुदा आवडला नाही तर बदल मागायचा तुम्हाला हक्क आहे, तो अंतिम होण्याआधी तुमच्याशी आणि मुलाशी सल्लामसलत करणं प्रॅक्टिशनरचं काम आहे.

काम नीट होत नसेल तर आधी कंपनीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर कमिशनकडे तक्रार, १८०० ०३५ ५४४. फोनवर इंग्रजीत बोलायचं दडपण असेल तर आधी १३१ ४५० लावा, मराठी दुभाषा मागा आणि त्यांनाच हा क्रमांक जोडून द्यायला सांगा. तुमची बाजू मांडायला मदत (अ‍ॅडव्होकसी) हवी तर व्हिक्टोरियात असोसिएशन फॉर चिल्ड्रन विथ अ डिसॅबिलिटी आणि अ‍ॅडेक आहेत. अ‍ॅडेकचं काम स्थलांतरित कुटुंबांसोबतच चालतं. प्रोव्हायडर बदलताना मूल्यमापनाची कागदपत्रं आणि कच्च्या नोंदी मागून घ्या, त्यावर नवं काम उभं राहतं.

तास संपत आले आणि गरज उरली तर एनडीआयएस प्लॅनची मुदत संपायची वाट पाहू नका. परिस्थिती बदलल्याचा अर्ज करा, सोबत प्रॅक्टिशनरचा प्रगती-अहवाल आणि तुमच्या नोंदींचा आलेख जोडा. निर्णय विरोधात गेला तर अंतर्गत फेरविचारासाठी ३ महिने असतात, त्यानंतर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल, म्हणजे सरकारी निर्णयांवर दाद मागायचं न्यायाधिकरण.

आणि तुमच्या बहिणीला केअरर गेटवेचा (काळजी घेणाऱ्यांसाठीची सरकारी सेवा) क्रमांक द्या, १८०० ४२२ ७३७. समुपदेशन आणि थोड्या विश्रांतीची सोय तिथून होते. रात्री तीनला उठणाऱ्या आईला कार्ड दाखवण्याची ताकद कुठून येणार?

---

टार्नेटकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज एवढं झालं: जीपीची शुक्रवारची लांब अपॉइंटमेंट, पाच ठिकाणी नाव, वर्करच्या कंपनीला नोंदणीबद्दल ईमेल. आठपैकी एका कंपनीची नोंदणी रजिस्टरवर सापडलीच नाही. सह्याद्रीदादा, एक शेवटचं: नोंदी होईपर्यंत कुकर लावायचाच नाही का?

---

सह्याद्री_६७

लावा, पण दोन आठवडे त्याची वेळ आणि त्याची जागा टिपून. नोंदी गोळा व्हायच्या आधीच सगळं बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मात्र कपाळाला खरचटण्याइतकं होत असेल तर नोंदीपेक्षा डोकं महत्त्वाचं: तो शाळेत असताना डाळ-भात शिजवून घ्या, संध्याकाळी फक्त गरम करा, आणि "बदल केला" असं तारखेसह लिहा. भिंतीच्या त्या भागावर जाड फोमची पट्टी लावा. आपटताना तोंडावर बिछाना किंवा उशी धरू नका, श्वास अडकतो. ओकारी, गुंगी, चालताना तोल जाणं किंवा नेहमीपेक्षा वेगळी झोप दिसली तर थेट इमर्जन्सीत, तिथे डोकं किती वेळा आपटलं ते सांगायला नोंदवही सोबत न्या.